शिडीवाल्यांच्या घरातला ‘मोठा कुत्रा’

तुमच्या वर्गात हजेरी चालली आहे. बाई पुकारतात, “राखणदार कुत्रा शिडीवाले!” मागच्या बाकावरून आवाज येतो, “हजर!” “मोठा कुत्रा शिडीवाले!” “हजर, बाई!” “कुत्रेमहाराज शिडीवाले!” “आलो, बाई, बुटाची नाडी बांधतोय!” आणि गंमत अशी, की वर्गात कुणी फिस्सकन हसतसुद्धा नाही. कारण या तिघांच्या घरच्यांचंच गावावर राज्य आहे!

ही नावं मी मनाने रचलेली नाहीत बरं का. सातशे वर्षांपूर्वी इटलीच्या उत्तर भागात, अदिजे नदीच्या वळणात वसलेल्या व्हेरोना शहरात खरोखरच अशा नावांची माणसं होती. घराणं होतं देल्ला स्काला. ‘स्काला’ म्हणजे शिडी, म्हणून हे शिडीवाले. त्यांच्या ढालीवर, दारावर, थडग्यावर, जिथे म्हणून जागा मिळेल तिथे शिडीचं चित्र असे. या घराण्यातल्या मुलांची नावं बघा. मास्तिनो म्हणजे दांडगा राखणदार कुत्रा. कानग्रांदे म्हणजे मोठा कुत्रा. कानसिन्योरियो म्हणजे धनी कुत्रा, आपल्या हजेरीतले कुत्रेमहाराज.

‘कुत्रा’ ही तेव्हा त्यांना शिवी वाटत नव्हती. रात्रभर जागणारा, धन्याला न सोडणारा, शिकार न चुकवणारा प्राणी. ज्या माणसाला शहर राखायचं आहे, त्याला याहून चांगलं नाव कुठलं? कानग्रांदेच्या शिरस्त्राणावर तर पंख असलेल्या कुत्र्याचं डोकं बसवलेलं होतं. आणखी एक मजा ऐका. मंगोलांचा बादशहा, तो महान खान, त्याला इटलीतले लोक आपल्या भाषेत ‘ग्रान काने’ म्हणत. आता ‘ग्रान काने’ आणि ‘कानग्रांदे’ हे दोन शब्द एकामागून एक मोठ्याने म्हणून पाहा. दूरच्या त्या बादशहाचा दरारा या नावातही घुमतोय, असं मला ते म्हणताना दर वेळी वाटतं.

शिडीवाले राजे नव्हते. त्यांच्या डोक्यावर मुकुट नव्हता. तेव्हा इटली नावाचा एक देशच नव्हता. उत्तरेत एकेक शहर म्हणजे एकेक छोटं राज्य असे, आणि शेजारपाजारची शहरं एकमेकांशी सतत भांडत. व्हेरोनावर एत्झेलिनो नावाच्या एका क्रूर सरदाराची सत्ता होती. १२५९ साली तो मेला आणि शहराने सुटकेचा निःश्वास सोडला. आता कारभार पाहायला कुणीतरी हवं होतं. तेव्हा पुढे आला पहिला मास्तिनो. १२६२ साली तो ‘लोकांचा कप्तान’ झाला. नेमणूक लोकांनी केलेली, पण पद हळूहळू घरचंच होऊन बसलं. १२७७ साली मास्तिनोचा खून झाला. तेव्हा कुणी नवा कप्तान शोधत बसलं नाही. त्याच्या भावाने, आल्बेर्तोने, कारभार हाती घेतला.

या आल्बेर्तोचा धाकटा मुलगा म्हणजे आपल्या गोष्टीचा नायक. जन्म १२९१. पाळण्यातलं नाव कान फ्रान्चेस्को, पण सगळं जग त्याला कानग्रांदे म्हणूनच ओळखतं. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. एक थोरला भाऊ १३०४ साली गेला, दुसरा १३११ साली. अशा रीतीने विसाव्या वर्षी तो एकटा व्हेरोनाचा धनी झाला.

त्याने लढाया केल्या, पुष्कळ केल्या. व्हिचेंझा, पादुआ, त्रेविझो अशी आजूबाजूची शहरं त्याने एकेक करून घेतली. त्या सगळ्या लढायांची जंत्री मी तुम्हाला देत नाही. मला त्याच्याबद्दलची दुसरीच गोष्ट जास्त आवडते. ज्यांना आपल्या गावातून हाकललं होतं, अशा माणसांसाठी त्याच्या वाड्याचं दार उघडं असे. अशा माणसांत एक होता दांते.

हो, तोच दांते, इटलीचा सगळ्यात मोठा कवी. फ्लॉरेन्स हे त्याचं गाव. तिथल्या राजकारणात त्याचा पक्ष हरला, आणि १३०२ साली त्याला हद्दपार केलं गेलं. परत आलास तर जिवंत जाळू, अशी शिक्षा वर! मग तो गावोगाव भटकत राहिला. व्हेरोनात त्याला आधी कानग्रांदेच्या थोरल्या भावाने, बार्तोलोमेओने, आसरा दिला आणि पुढे कानग्रांदेने. दांतेचं महाकाव्य घडतं १३०० साली, म्हणजे कानग्रांदे अवघा नऊ वर्षांचा असताना. दांतेने काय केलं असेल? त्या नऊ वर्षांच्या मुलाचं भविष्य त्याने आपल्या काव्यातल्या स्वर्गात, एका पूर्वजाच्या तोंडून वदवलं. उपकार फेडायची याहून सुंदर रीत मला तरी माहीत नाही.

याच व्हेरोनात २० जानेवारी १३२० या दिवशी, एका छोट्या चर्चमध्ये एक भाषण झालं. ते दांतेच्या नावाने लॅटिनमध्ये लिहिलेलं सापडतं. विषय कवितेचा नव्हता, चक्क विज्ञानाचा होता: जगात पाणी उंच आहे, की जमीन?

हसू नका, प्रश्न फार खोल आहे. त्या काळी शहाणी माणसं मानत की माती सगळ्यात जड, म्हणून ती विश्वाच्या मध्यभागी. तिच्यापेक्षा पाणी हलकं, म्हणून ते मातीच्या भोवती. मग हवा, मग अग्नी. कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. आता हे खरं असेल, तर सगळी जमीन पाण्याखाली बुडालेली हवी की नाही? मग आपण कोरड्या जमिनीवर उभे कसे? भाषणात उत्तर दिलंय, की जमिनीचा एक भाग पाण्याच्या वर उचलला गेलाय, आणि त्याला उचललंय आकाशातल्या ताऱ्यांनी, लोहचुंबक लोखंडाला ओढतो तसं! हे उत्तर चुकीचं आहे, हे आज तुम्हीही सांगाल. पण डोळ्यांसमोर दिसणारी जमीन आणि पुस्तकात लिहिलेलं विश्व जुळत नाही, हे ओळखून त्यावर भर सभेत बोलायला उभं राहणं, हे मला फार मोठं वाटतं.

आता येऊ या १३२९ च्या जुलै महिन्यात. कानग्रांदेने त्रेविझो जिंकलं. वर्षानुवर्षं हवं असलेलं ते शेवटचं शहर. १८ जुलैला तो थाटात शहरात शिरला. आणि लगेच अंथरुणाला खिळला. उलट्या, जुलाब, ताप. चार दिवसांनी, २२ जुलैला, तो गेला. वय वर्षं ३८.

इतका धडधाकट माणूस, विजयाच्या चौथ्या दिवशी? लोक म्हणाले, दमून आला होता, वाटेत घाईघाईने झऱ्याचं थंड पाणी प्यायला, ते बाधलं. बखरींतही तसंच लिहून ठेवलं गेलं. पण दबक्या आवाजात आणखीही काही बोललं जात होतं. त्याला वारस मुलगा नव्हता, सत्ता गेली दोन पुतण्यांकडे. त्यातला एक दुसरा मास्तिनो. या मास्तिनोने आपल्या काकावर उपचार करणाऱ्या एका वैद्याला फासावर लटकवलं. का बरं? हा ‘का’ जरा खिशात ठेवा, आपल्याला तो नंतर लागणार आहे.

कानग्रांदेचा देह व्हेरोनाला आणला. सांता मारिया आंतिका नावाच्या चर्चच्या दारावर, हो, दाराच्या अगदी डोक्यावर, त्याची दगडी पेटी आहे. ती पेलायला दगडी कुत्रे आहेत, आणि त्यांच्या पंजात शिडीच्या ढाली! सगळ्यात वर घोड्यावर बसलेला कानग्रांदे. हातात तलवार, कुत्र्याचं शिरस्त्राण पाठीवर ढकललेलं, आणि चेहऱ्यावर हसू. थडग्यावरचा पुतळा सहसा गंभीर असतो. हा मात्र शाळा सुटल्यावर मुलं हसतात तसा, तोंडभर हसतोय. मूळ पुतळा आता जवळच्या कास्तेलवेक्कियो संग्रहालयात आहे, चर्चवर उभी आहे ती त्याची प्रतिकृती.

त्याच्यानंतर शिडीवाल्यांचं काय झालं? पुतण्या मास्तिनोने काकाहूनही जास्त शहरं घेतली, तेव्हा व्हेनिस आणि फ्लॉरेन्स एकत्र येऊन त्याच्यावर उलटले आणि बरंचसं राज्य परत गेलं. मग घरातच वैर सुरू झालं. दुसरा कानग्रांदे लोकांना इतका नकोसा झाला, की त्याला ‘पिसाळलेला कुत्रा’ म्हणत. त्याने नदीकाठी किल्ला बांधला आणि किल्ल्याला लागून पलीकडे जाणारा लाल विटांचा पूल, म्हणजे वेळ पडली तर मागच्या दाराने निसटता यावं. पण १३५९ साली त्याला मारलं ते कुणी शत्रूने नाही, सख्ख्या भावाने, कानसिन्योरियोने. तो पूल मात्र सहाशे वर्षं टिकला. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४५ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवून दिला. युद्ध संपल्यावर व्हेरोनाच्या लोकांनी नदीत पडलेले दगड आणि विटा वर काढल्या आणि पूल पुन्हा जसाच्या तसा उभा केला. १९५१ साली तो पुरा झाला.

१३८७ साली मिलानच्या विस्कोंती घराण्याने व्हेरोना घेतलं आणि शिडीवाल्यांचं राज्य संपलं. शिडी मात्र त्याआधीच मिलानला पोहोचली होती! दुसऱ्या मास्तिनोची मुलगी बेआत्रिचे लग्न होऊन विस्कोंतींच्या घरी गेली होती. तिच्या नावावरून मिलानमध्ये चर्च बांधलं गेलं, सांता मारिया आला स्काला. पुढे चारशे वर्षांनी ते चर्च पाडून त्या जागी नाट्यगृह बांधलं, ते १७७८ साली उघडलं. आज ते जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या ऑपेरागृहांपैकी एक आहे, ला स्काला. तिथे गायला मिळावं म्हणून जगभरचे गायक आयुष्यभर मेहनत करतात. किती जणांना माहीत असेल, की ते एका शिडीच्या घरात गातायत?

चला, आता परत चर्चच्या दारावरच्या त्या पेटीकडे.

फेब्रुवारी २००४. शास्त्रज्ञांनी कानग्रांदेची पेटी उघडली. पिसा विद्यापीठाचे जिनो फोर्नाचियारी या कामाचे प्रमुख होते. जुन्या रोगांचा माग काढणं हा त्यांचा विषय, मृतांचे डॉक्टरच म्हणा ना. आत फक्त हाडं असतील असं आपल्याला वाटेल. पण आत होता अख्खा माणूस. उताणा, हात छातीवर घेतलेले, अंगावर पूर्वेकडून आलेली जरीची भारी रेशमी वस्त्रं. खानाच्या मुलुखांतून जाणाऱ्या वाटांवरून असं कापड तेव्हा इटलीत येत असे.

इजिप्तमधल्या ममी माणसांनी मुद्दाम बनवलेल्या असतात, ते तुम्हाला माहीत आहेच. ही ममी आपोआप झालेली होती. देह कुजवतात ते जिवाणू, आणि जिवाणूंना लागतं पाणी. ओलावा लवकर निघून गेला, की जिवाणूंचं काम थांबतं. आपल्याकडे आजी कैरीच्या फोडी उन्हात वाळवते, मासे वाळवून वर्षभर ठेवतात, तेच तत्त्व. कोरडा पडला, की पदार्थ टिकतो. कानग्रांदेचा देह इतका टिकला होता, की त्याच्या आतड्यात शेवटी पोटात गेलेल्या गोष्टींचे अंश शाबूत होते.

आधी त्याचं सीटी स्कॅन झालं. उंची निघाली सुमारे १ मीटर ७३ सेंटिमीटर. फुप्फुसांत धुराची काजळी होती, कारण त्या काळी हिवाळ्यात घराघरांत शेकोटी पेटलेली असे. वाड्यात राहणाऱ्यालाही तो धूर चुकला नाही. मग आतड्यातला ऐवज सूक्ष्मदर्शकाखाली गेला, आणि तिथे सापडले परागकण.

परागकण म्हणजे फुलातली पिवळी भुकटी. जास्वंदीला नाक लावलं की नाकाला चिकटते तीच. प्रत्येक झाडाच्या परागकणाचा आकार वेगळा. कुणाला काटे, कुणाला खाचा, कुणाला जाळी. आणि प्रत्येक कणाला असतं एक कवच, स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं. निसर्गात याच्याइतकं चिवट काही क्वचितच असेल. जालीम आम्लात टाकलं, तरी ते विरघळत नाही. कोट्यवधी वर्षं खडकात दबून राहिलेले परागकण आजही ओळखता येतात, मग सातशे वर्षांची काय कथा! फुलं सुकतात, झाडं मरतात, राज्यं जातात आणि हा कण, एका मिलिमीटरमध्ये तीसचाळीस बसतील एवढासा, आपला आकार घट्ट धरून बसतो. मला याचं खरोखर अप्रूप वाटतं.

कानग्रांदेच्या पोटात कॅमोमाइलच्या खुणा होत्या. ही छोटी पांढरी, शेवंतीसारखी दिसणारी फुलं, पोट शांत करायला आजही लोक त्यांचा काढा पितात. काळी तुती होती, तीही औषधात चालणारी. इथवर ठीक. आजारी माणसाला दिलेला काढा, दुसरं काय! पण त्यातच होते आणखी एका फुलाचे कण: फॉक्सग्लव्ह. याचं शास्त्रीय नाव डिजिटालिस. उभ्या दांड्यावर जांभळ्या घंटांसारखी लटकलेली, आतून ठिपकेदार, बोटात घालून बघाविशी वाटणारी फुलं. अतिशय देखणी आणि अतिशय विषारी.

नुसत्या परागकणांवर शास्त्रज्ञ थांबले नाहीत. वाऱ्याने उडून आले असतील, असं कुणीही म्हणू शकतं. त्यांनी यकृताचा आणि विष्ठेचा नमुना तपासला. त्यात फॉक्सग्लव्हमधली दोन रसायनं सापडली, डिजॉक्सिन आणि डिजिटॉक्सिन. म्हणजे ती वनस्पती त्याच्या पोटात गेली होती आणि अंगात भिनली होती. २०१५ साली हे सगळं शोधनिबंधात छापून आलं.

ही रसायनं करतात काय? आपल्या हृदयाच्या प्रत्येक पेशीत छोटे छोटे पंप असतात. ते सोडियम सतत बाहेर फेकत असतात. ही रसायनं तो पंप अडवतात. मग पेशीत कॅल्शियम वाढतं आणि हृदय जास्त जोराने आवळलं जातं. मात्रा अगदी नेमकी असेल, तर थकलेल्या हृदयाला याचा आधार मिळतो. म्हणूनच इंग्लंडमधल्या विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी १७८५ साली यावर पुस्तक लिहिलं, आणि डिजॉक्सिन आजही औषध म्हणून देतात. विदरिंगना हा धागा मिळाला होता एका म्हाताऱ्या बाईच्या घरगुती काढ्यातून! पण मात्रा जरा वाढली, की हृदयाचा ताल बिघडतो. उलट्या, जुलाब, मग ठोके भलतेच, मग सगळं थांबतं.

आणि हे विष फक्त इटलीच्या डोंगरात असतं असं समजू नका. आपल्या अंगणातली कण्हेर आणि पिवळी बिट्टी यांच्यातही याच जातीची रसायनं आहेत, तीही हृदयाचा तोच पंप अडवतात. बिट्टीची फळं घेऊन खेळणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: खेळून झालं की हात धुवा आणि ती चुकूनही तोंडात घालू नका.

आता तो खिशातला ‘का’ बाहेर काढा. मास्तिनोने वैद्याला फासावर का दिलं? त्याला खरंच विषाचा संशय आला होता? की कुणाच्या तरी सांगण्यावरून दिलेलं विष कायमचं गुपित राहावं म्हणून तोंड बंद केलं? फोर्नाचियारींच्या गटाला मुद्दाम विषप्रयोगाची शक्यता जास्त वाटली. पण चूकही होऊ शकते. फुलं यायच्या आधी फॉक्सग्लव्हची मोठी, लवदार पानं औषधी कॉम्फ्रीच्या पानांसारखी दिसतात. आजही लोक फसतात. तर १३२९ च्या उन्हाळ्यात घाईघाईने झाडपाला खुडणारा हात का फसणार नाही?

गोष्ट इथे संपली असं वाटत असतानाच तिला आणखी एक पान फुटलं. शास्त्रज्ञांनी कानग्रांदेच्या देहातला डीएनए मिळवून वाचला. त्यात एका जनुकात बिघाड दिसला. आपलं शरीर साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि लागेल तशी मोडून वापरतं. ते मोडायचं एक विकर ज्यांच्यात पुरेसं बनत नाही, त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन साठत जातं. स्नायू दुबळे होतात, श्वास घेणंही जड जातं. याला पॉम्पे रोग म्हणतात. पॉम्पे नावाच्या डच डॉक्टरांनी तो १९३२ साली पहिल्यांदा नोंदवला, म्हणजे कानग्रांदेनंतर सहाशे वर्षांनी. काहींच्यात तो मोठेपणी उमटतो. जग जिंकायला निघालेल्या या माणसाच्या अंगात, त्याच्या नकळत, तो आजार बसलेला असू शकतो.

मग काय झालं असेल? आजाराने आधीच दमलेलं शरीर, त्यात जुलैचं ऊन, लढाईची धावपळ, आणि वरून तो काढा? मी हे सगळं वाचते तेव्हा पुतण्यापेक्षा, कधीकधी कानग्रांदेपेक्षाही, मला जास्त आठवतो तो वैद्य. त्रेविझोच्या त्या घरात त्याने कॅमोमाइल मोजून घेतलं असेल, तुती घातली असेल, भांडं चुलीवर ठेवलं असेल, आणि वाफ निवेपर्यंत पलंगाजवळ उभा राहिला असेल. जांभळ्या घंटांचं ते झाड त्याच भांड्यात होतं. ते तिथे कुणाच्या हाताने पडलं, हे परागकणावर लिहिलेलं नसतं.